वजन उतरवतानाचं ताट

सकाळी उठल्यावर कोमट पाण्यात लिंबू आणि चमचाभर मध. मग कमी साखरेचा चहा. अकरा वाजता एक सफरचंद. दुपारच्या डब्यात दोन फुलके, दुधी भोपळ्याची भाजी आणि काकडी-टोमॅटोची कोशिंबीर. चार वाजता दोन मारी बिस्किटं. रात्री भाज्यांचं सूप, आणि भूक अगदीच खवळली तर आणखी एक वाटी सूप. दिवाळीचा फराळ संपला की किंवा एक जानेवारी उजाडली की मराठी घरांतून असे दिवस सुरू होतात. ते पाळणारी बहुतेक वेळा घरातली बाई असते, आणि बाकीच्यांसाठी पोळ्या, आमटी, भात हेही तीच रांधत असते.

या दिवसाचा हिशेब मांडू. कॅलरी साधारण साडेपाचशे. प्रथिनं तेरा-चौदा ग्रॅम. लोह आणि कॅल्शियम नावापुरतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली भारतीयांसाठी पोषणाची प्रमाणं नव्याने ठरवून दिली. त्यांनुसार बैठं काम करणाऱ्या, ५५ किलो वजनाच्या बाईला दिवसाला १,६६० कॅलरी, जवळजवळ ४६ ग्रॅम प्रथिनं, २९ मिलिग्रॅम लोह आणि १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. वजन कमी करायचं म्हणून यांतल्या फक्त पहिल्या आकड्याला हात लावायचा असतो. बाकीचे आकडे जागचे हलत नाहीत, प्रथिनांचा तर थोडा वरच सरकतो. पगार कमी झाला म्हणून घरभाडं, विजेचं बिल आणि मुलांची फी काही कमी होत नाही. ती आधी भरावी लागते आणि हौसमौज मागे ठेवावी लागते. डाएटचंही तसंच आहे. कॅलरी कमी मिळणार असतील तर प्रत्येक घासाने जास्त काम करायला हवं. आपण मात्र नेमकं उलटं करतो: डाळ-उसळ सोडतो आणि बिस्किटं ठेवतो.

शरीर या उपासमारीला कसं तोंड देतं ते पाहू. पहिल्याच आठवड्यात काटा दोन किलोंनी खाली येतो आणि घरात आनंदीआनंद होतो. पण जरा गणित करून बघा. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी साठवलेल्या असतात. आठवड्यात दोन किलो चरबी जाळायची तर रोज २,२०० कॅलरींची तूट पडायला हवी. आपली ही बाई समजा ४२ वर्षांची आहे, उंची १५५ सेंटिमीटर, वजन ६८ किलो, नोकरी टेबलावर बसून करायची. तिचं शरीर अख्ख्या दिवसात खर्चच करतं १,८००च्या आसपास कॅलरी. म्हणजे ती आठवडाभर नुसत्या पाण्यावर राहिली तरी एवढी चरबी जळणार नाही. मग गेलं काय? बहुतांशी पाणी. यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन नावाचा साखरेचा साठा असतो, साधारण चार-पाचशे ग्रॅमचा. त्यातला प्रत्येक ग्रॅम आपल्याबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून असतो. जेवण तोडलं की हा साठा आधी संपतो आणि पाणी निघून जातं. दोन दिवस पोटभर जेवलं की तो पुन्हा भरतो आणि काटा वर येतो. ‘मला हवासुद्धा लागते’ असं म्हणणाऱ्यांचं गूढ पुष्कळदा इथंच असतं.

पुढच्या आठवड्यांत चरबी जळू लागते, पण ती एकटी जळत नाही. चरबीची शरीरात कोठारं आहेत, प्रथिनांचं वेगळं कोठार नाही. हृदय, पाचक रस, रक्तातली प्रतिद्रव्यं, केस, कातडी या सगळ्यांना रोज प्रथिनं लागतात. ती जेवणातून आली नाहीत तर शरीर ती स्नायू मोडून काढतं. चांगल्या बेताने केलेल्या डाएटमध्येही उतरलेल्या वजनाचा साधारण पाव हिस्सा चरबीखेरीजच्या भागातून जातो. जेवणात प्रथिनं नसली आणि व्यायामही नसला तर हा हिस्सा आणखी वाढतो. शिवाय अंग लहान होतं, हालचाल नकळत मंदावते आणि शरीर आपला खर्च आखडता घेतं. महिन्याभराने त्याच सूपवर वजन उतरायचं थांबतं ते यामुळे.

याचा सर्वांत कसून केलेला अभ्यास दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेत झाला. युद्धात होरपळलेल्या, उपाशी युरोपला पुन्हा खाऊ कसं घालायचं, हे शोधण्यासाठी मिनेसोटा विद्यापीठातल्या अॅन्सेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुण निवडले. हे सगळे तत्त्व म्हणून शस्त्र हाती घ्यायला नकार दिलेले, आपणहून पुढे आलेले. नोव्हेंबर १९४४मध्ये प्रयोग सुरू झाला. पहिले १२ आठवडे त्यांना दिवसाला सुमारे ३,२०० कॅलरी मिळत होत्या. मग पुढचे २४ आठवडे साधारण १,५७०. पानात बटाटे, सलगम, पाव, मॅकरोनी असलं खाणं, मांस नि दूधदुभतं अगदी नावाला, आणि आठवड्याला २२ मैल चालणं. वजन जवळजवळ पाव भागाने उतरलं. पण बाकी जे झालं ते जास्त बोलकं आहे. उन्हाळ्यातही थंडी वाजू लागली. अंगातली ताकद गेली, चिडचीड वाढली, कशातच रस उरेना. दिवसरात्र डोक्यात फक्त जेवण! एरवी चुलीकडे न फिरकणारी मुलं पाककृतींची पुस्तकं वाचत बसायची, ताट चाटूनपुसून लख्ख करायची. पुन्हा खायची मोकळीक मिळाल्यावर कितीही खाल्लं तरी काहींचं समाधान होईना. आणि परत आलेल्या वजनात चरबी आधी भरली, स्नायू मागाहून. कीज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० साली हे सगळं दोन जाडजूड खंडांत छापलं.

ती मुलं मुळात सडपातळ होती. अंगावर चरबी असणाऱ्याचे हाल इतक्या लवकर होत नाहीत, हे मान्य. पण दिशा तीच असते. आणि ज्याला तज्ज्ञांनी उपासमार म्हटलं त्या १,५७० कॅलरी होत्या. आपल्याकडे व्हॉट्सअॅपवर फिरणारे ‘सात दिवसांत सात किलो’वाले तक्ते याच्या निम्म्यावरही थांबत नाहीत. रात्री दहा वाजता फरसाणाचा डबा उघडणाऱ्या बाईला आपण ‘कंट्रोल नाही’ म्हणून मोकळे होतो. दिवसभर पाचशे कॅलरींवर काढलेल्या शरीराकडून दुसरं काय होणार?

स्नायू वाचवण्याची निकड आपल्याला इतरांहून जास्त आहे, आणि हे जगाला दाखवून दिलं ते पुण्याने. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायांचा आणि त्यांच्या बाळांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. इथली बाळं सरासरी २.७ किलोंची, इंग्लंडातली साडेतीन किलोंची. पण वजनातली ही तूट मुख्यतः स्नायूंत आणि पोटातल्या अवयवांत होती, चरबी मात्र त्यामानाने टिकून होती. बाळ दिसायला किरकोळ, पण आतून चरबीचं. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज मित्र जॉन युडकिन यांनी स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा: २२.३. तपासणीत युडकिन यांच्या अंगात चरबी निघाली ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. म्हणूनच आपल्याकडे बीएमआय २३च्या पुढे गेला की वजन जास्त, २५च्या पुढे लठ्ठपणा असं धरतात. कमरेचा घेर बाईचा ८० सेंटिमीटर आणि पुरुषाचा ९० सेंटिमीटर ही मर्यादा. ज्यांच्याकडे मुळात स्नायूंचं भांडवल कमी, त्यांनी डाएटच्या नावाखाली तेच मोडून खाल्लं तर काट्यावरचा आकडा उतरेल, पण मधुमेहाचा धोका पुरेसा उतरणार नाही.

आता ६८ किलोच्या बाईंचं ताट बांधायला घेऊ. खर्च १,८०० कॅलरी. त्यातून चारशेच्या आसपास कमी करायच्या, म्हणजे १,४००. या गतीने आठवड्याला चारशे ग्रॅमच्या आतबाहेर वजन उतरेल, पुढे पुढे त्याहून हळू. प्रथिनं किती? वजन उतरवताना आहारतज्ज्ञ दर किलोमागे एक ते सव्वा ग्रॅम प्रथिनं सांगतात. हा गुणाकार आजच्या वजनाशी न करता उंचीला शोभेल अशा वजनाशी करायचा. १५५ सेंटिमीटर उंचीला ते ५५ किलो येतं. म्हणजे साठेक ग्रॅम प्रथिनं पुरेत. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र हा आकडा आपल्या मनाने धरायचा नाही, डॉक्टरांना विचारायचं. प्रथिनांचा आणखी एक फायदा असा की ती पचवण्यातच त्यांच्या कॅलरींतला वीस ते तीस टक्के भाग खर्च होतो, तुपातेलाचा जेमतेम शून्य ते तीन टक्के. आणि प्रथिनं असलेलं जेवण पोटात टिकून राहतं.

मराठी स्वयंपाकघरात साठ ग्रॅम प्रथिनं आणायची कुठून, हा खरा प्रश्न. ‘आम्ही रोज वरण खातो की’ असं उत्तर येतं. कोरडी तूरडाळ शंभर ग्रॅम घेतली तर तीत बावीस ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. पण चार माणसांना अर्धी वाटी डाळ शिजवून, पाणी वाढवून जे वरण होतं, त्यातून एकेकाच्या वाट्याला डाळ येते पंधरा ग्रॅम आणि प्रथिनं येतात तीन-साडेतीन ग्रॅम. वरण मोजू नका, शिजायला घालताना डाळ मोजा. माणशी एक मूठ, म्हणजे तीस ग्रॅम घातली की सहा-साडेसहा ग्रॅम प्रथिनं हमखास येतात. मटकी, मूग, मसूर, हरभरा, चवळी यांचा हिशेबही जवळपास हाच. मोड आणले की त्यांतलं लोह अंगी लागायला मदत होते. पिठलं झटपट आणि स्वस्त. माणशी तीस ग्रॅम बेसन घेतलं तर सहा-सात ग्रॅम प्रथिनं. फक्त फोडणीत तेलाचा तवंग नको. अंड्यात सहा ग्रॅम आणि सत्तर-ऐंशी कॅलरी, इतका सरळ व्यवहार दुसरीकडे क्वचितच मिळतो. सोयाबीनच्या वड्यांत शंभर ग्रॅममागे पन्नासेक ग्रॅम प्रथिनं असतात. चव मात्र मसाल्यावर अवलंबून. पनीर चांगलं, पण प्रथिनांबरोबर तितकीच चरबीही आणतं. शेंगदाण्यांत पंचवीस टक्के प्रथिनं आहेत खरी, पण मूठभर दाणे म्हणजे पावणेदोनशे कॅलरी. त्यामुळे कूट चमच्याने घालायचा, वाटीने नाही.

कोकणातल्या नि गोव्यातल्या माणसांची सोय समुद्राने करून ठेवली आहे. शंभर ग्रॅम बांगड्यात वीस ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात, वर चांगली स्निग्धं. तो रव्यात घोळवून तेलात सोडला की तेल पीत बसतो. हळद, मीठ, आगळ लावून तव्यावर चमचाभर तेलात परतला तर तोच मासा डाएटचा होतो. कालवणात नारळ किती वाटला आहे तेवढं बघायचं. सुकट-जवळ्यात प्रथिनं भरपूर, पण मीठही तितकंच. रक्तदाब असणाऱ्यांनी ते बेताने खावं.

अख्खा दिवस असा जमतो. सकाळी अर्धा कप दुधाचा, अगदी थोड्या साखरेचा चहा. नाश्त्याला पन्नास ग्रॅम मूग भिजवून-वाटून केलेली दोन धिरडी, एक चमचा तेलावर, सोबत छोटी वाटी दही. इथंच पंधरा ग्रॅम प्रथिनं झाली. डब्यात एक ज्वारीची भाकरी, वाटीभर मटकीची उसळ, मेथी किंवा शेपूची भरपूर भाजी, पेलाभर ताक: वीस ग्रॅम. चार वाजता बिस्किटांऐवजी मूठभर फुटाणे आणि एक पेरू: सात-आठ ग्रॅम. रात्री दाट आमटी, मुदीपेक्षा थोडा जास्त भात, एक फळभाजी, चमचाभर कूट घातलेली कोशिंबीर आणि आमटी-भातावर चमचाभर तूप: चौदा-पंधरा ग्रॅम. एकूण साधारण १,४२५ कॅलरी आणि प्रथिनं साठाला टेकलेली. भात आहे, भाकरी आहे, तूप आहे. सुरुवातीच्या दिवसापेक्षा हे खाणं अडीच पट आहे, आणि तरीही यावर वजन उतरतं.

पोहे कुठे गेले, असं विचाराल. पोहे बंद करायचं कारण नाही. बशीभर पोह्यांत चार-पाच ग्रॅमच प्रथिनं असतात, म्हणून पोहे थोडे कमी करून त्यात मोडाचे मूग किंवा मटार ढकलायचे, वर लिंबू, आणि शेजारी एक उकडलेलं अंडं किंवा वाटी दही. उपमा, शिरा, इडली यांनाही हाच नियम. भाताशी तर आपण उगाच वैर धरलंय. अडचण भाताच्या ढिगाची आहे, आणि ढीग होतो तो आमटी पातळ असते म्हणून.

तेलाचं मात्र जरा कडक बोलायला हवं, कारण कॅलरी कमी करायची सर्वांत मोठी जागा तीच. चहाचा एक चमचा तेल म्हणजे चाळीस कॅलरी. फोडणीचा मोठा डाव म्हणजे सव्वाशेच्या घरात. वरच्या दिवसात तूप धरून सगळं मिळून पाच छोटे चमचे आहेत, बावीस-तेवीस ग्रॅम. घरात खरं किती लागतं ते कळायला सोपा मार्ग आहे: तेलाची पिशवी फोडली की तिच्यावर तारीख लिहायची. चौघांच्या घरात महिन्याला अडीच-पावणेतीन लिटरांत भागलं तर ठीक. चार-पाच लिटर लागत असेल तर आधी ते खाली आणा, पोळ्या नंतर मोजा. तेल अगदी सोडायचं नाही, कारण अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वं स्निग्धाबरोबरच अंगी लागतात. तेल न घालता नुसती वाफवलेली भाजी खाणं वीरश्रीचं आहे, गरजेचं नाही.

भाजीचं काम वेगळं. काकडी, दुधी, पडवळ, पालेभाज्या यांत शंभर ग्रॅममागे पंधरा ते चाळीस कॅलरी असतात, शेव-फरसाणात पाचशेच्या वर. पोट भरल्याची जाणीव बऱ्याच अंशी घासांच्या आकारमानावरून होते, म्हणून ताटाचा निम्मा भाग भाज्यांनी व्यापला की बाकीचं आपसूक आटोक्यात राहतं. पण भाजीने निम्मा भाग व्यापायचा, सगळा नाही. नुसत्या सूप-सॅलडवर राहणारी माणसं गडबडतात ती इथे.

लोहाची गोष्ट सांगायलाच हवी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायांना रक्तक्षय आढळला, आणि त्याच पाहणीत २४ टक्के बायांचं वजन जास्त निघालं. साहजिकच कितीतरी बाया दोन्ही गटांत आहेत. वजन जास्त म्हणजे खाऊनपिऊन सुखी, ही समजूत या आकड्यांनी मोडीत काढली आहे. वरच्या दिवसात मेथी, भाकरी, कडधान्यं धरून लोह येतं अठरा ते वीस मिलिग्रॅम. २९चा आकडा १,४०० कॅलरींत गाठणं अवघडच. म्हणून आलेलं लोह वाया जाऊ द्यायचं नाही. उसळीवर, पालेभाजीवर लिंबू पिळा, किंवा जेवणासोबत पेरू-आवळा खा. त्यातल्या क जीवनसत्त्वाने लोह शोषलं जातं. जेवणावर लगेच चहा घेतला तर ते अडतं, तासभर थांबा. आणि डाएट सुरू करण्याआधी हिमोग्लोबिन तपासून घ्या. ते कमी असेल तर गोळी लागेल. नुसत्या बिटाने ते भागणार नाही.

कॅल्शियमला दूध-दही-ताक, नाचणी आणि तीळ. नाचणीत शंभर ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम आहे, तेव्हा आठवड्यातून दोन-तीन दिवस ज्वारीऐवजी नाचणीची भाकरी करावी. बी-१२ वनस्पतींतून भरवशाने मिळत नाही. शाकाहारी माणसाला दूध-दह्याचाच आधार, आणि डाएटच्या नावाने तेच तुटलं तर मुंग्या, थकवा, विसराळूपणा मागे लागतो. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत बी-१२ आणखी घसरू शकतं, त्यांनी ते तपासून पाहावं.

उपवासाचं काय? ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण कुणी उगाच केलेली नाही. शंभर ग्रॅम साबुदाणा, तीस ग्रॅम कूट आणि टेबलस्पूनभर तूप घेतलं तर एका बशी खिचडीत साडेसहाशे कॅलरी भरतात. साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च. त्यात प्रथिनं एक ग्रॅमही नाहीत, जी काही येतात ती कुटातून. वजन उतरवायचं म्हणून ज्या बाया आठवड्याला दोन-दोन वार धरतात, त्यांचं बिनसतं ते या खिचडीपाशी. उपवास करायचाच तर वरीचा थोडा भात, दाण्याची पातळ आमटी, राजगिऱ्याची भाकरी, दही, ताक, काकडी असं ताट मांडता येतं. राजगिऱ्यात तेरा-चौदा टक्के प्रथिनं आहेत, तो उपवासापुरताच का ठेवलाय कळत नाही.

बाजारातल्या ‘डाएट चिवडा’, ‘मल्टिग्रेन बिस्किट’, ‘शुगर फ्री कुकीज’ यांच्यावर जास्त शाई खर्च करण्यात अर्थ नाही. पाकिटाच्या मागची घटकांची यादी वाचा. पहिलं नाव मैद्याचं असेल तर पुढचं वाचायची गरज नाही. अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी २०१९ साली वीस माणसांना दोन आठवडे कारखान्यात तयार होणारे पदार्थ आणि दोन आठवडे साधं घरगुती जेवण दिलं. समोर ठेवलेल्या अन्नात कॅलरी, साखर, स्निग्ध, तंतू सारखे होते आणि हवं तेवढं खायची मुभा होती. पाकीटबंद पदार्थांच्या दिवसांत माणसं रोज सुमारे पाचशे कॅलरी जास्त खाऊन बसली.

मग दीक्षित की दिवेकर? हा वाद काही वर्षांपूर्वी मराठी घरांत निवडणुकीसारखा रंगला होता. डॉ. जगन्नाथ दीक्षित म्हणतात दिवसातून दोनदाच, पंचावन्न मिनिटांच्या आत जेवा. ऋजुता दिवेकरांनी दर दोन तासांनी थोडं थोडं खायला सांगितलं. माझं मत असं, की वेळांपेक्षा ताटाचं भांडण आधी मिटवा. दोन जेवणांत प्रत्येकी तीस ग्रॅम प्रथिनं बसत असतील तर दोन पुरेत. दोन्ही वेळा पातळ वरण-भातच असेल तर वजन उतरेल आणि केसही उतरतील. सहा वेळा खाणाऱ्याने सहाही वेळा खाकरा खाल्ला तरी गत तीच. मधुमेहाला इन्सुलिन किंवा साखर एकदम खाली आणणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर जेवणाच्या वेळा डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलायच्या नाहीत, कारण साखर धोक्याइतकी खाली जाऊ शकते.

वजन उतरवणारी इंजेक्शनंही आता आली आहेत. टिर्झेपटाइड हे औषध मार्च २०२५मध्ये भारतात आलं, त्यानंतर काही महिन्यांत वजनासाठीचं सेमाग्लुटाइडही. या औषधांनी भूक इतकी मरते की माणूस चार घासांत उठतो. ज्यांना ती डॉक्टरांनी दिली आहेत त्यांनी ते चार घास उसळ, अंडं, मासा, दही यांचे आधी घ्यावेत. भात-पोळी नंतर, जागा उरली तर.

आणि स्नायूंना काम द्या. नुसतं चालणं हृदयासाठी उत्तम, पण स्नायू टिकवायला त्यांच्यावर भार पडावा लागतो: जिना, उठाबशा, भिंतीला टेकून मारलेले जोर, पाण्याने भरलेल्या बाटल्या उचलणं, आठवड्यातून दोन-तीनदा. जिमची वर्गणी भरली तरच हे होतं असं नाही.

काही खुणांवर लक्ष ठेवायचं. कडक डाएटनंतर दोन-तीन महिन्यांनी केस मुठीने गळू लागतात. तोवर डाएट विसरलेलं असतं आणि दोष शांपूला जातो. पाळी लांबणं, सतत थंडी वाजणं, उठताना चक्कर येणं, जिना चढताना धाप लागणं यांचा अर्थ ताटात काहीतरी कमी पडतंय. फार वेगाने, आठवड्याला दीड किलोहून जास्त वजन उतरलं तर पित्ताशयात खडे होण्याची शक्यता वाढते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांनी, वाढत्या वयाच्या मुलामुलींनी कॅलरी तोडण्याच्या फंदात आपल्या मनाने पडू नये.

६८ किलोंच्या माणसाने साडेतीन किलो कमी केले, म्हणजे पाच टक्के, तरी रक्तातली साखर आणि ट्रायग्लिसराइडं सुधारू लागतात. वर सांगितलेल्या गतीने त्याला अडीच-तीन महिने लागतात. या काळात घरात दोन स्वयंपाक करायची गरज नाही. हे ताट घरातल्या सगळ्या मोठ्या माणसांना चालतं, फक्त भात-भाकरीचं प्रमाण ज्याच्या त्याच्या कामाप्रमाणे. फार तर एक बदल करावा. आपल्याकडे सगळ्यांना वाढून झाल्यावर पातेल्याच्या तळाशी जो रस्सा उरतो तो रांधणारीच्या वाट्याला येतो, आणि डाळ-कडधान्य आधीच संपलेलं असतं. घरातली बाई वजन उतरवत असेल तर तिच्या वाटणीची उसळ पहिल्यांदा काढून ठेवा.